मौजे

खरेदीखत असो, पंचनामा असो, नाहीतर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर डकवलेली नोटीस असो, आमच्या भागात गावाचं नाव कागदावर कधी एकटं येत नाही. त्याच्या आधी 'मौजे' येतं. मौजे अमुक, तालुका अहमदपूर, जिल्हा लातूर. मौजे तमुक, तालुका लोहा, जिल्हा नांदेड. माझं माहेर पहिल्यातलं, सासर दुसऱ्यातलं. म्हणजे मी मौजेतून उठून मौजेत पडले, असं कागदोपत्री सिद्ध करता येईल. माझ्या भाच्यानं एकदा त्याच्या वडिलांच्या फायलीतला कागद वाचून विचारलं, "आत्या, आपल्या गावात कसली मौज असती?" पोरगं सातवीत होतं, पण प्रश्न आठ-दहा वर्षं जुना होऊनही माझ्या मागं लागलेलाच आहे.

मौजे आणि मौज यांचं एकमेकांशी काही नातं नाही. दोघंही अरबीतून फारसीच्या वाटेनं आले, एवढाच काय तो संबंध. मौजे म्हणजे ठिकाण, जागा. सरकारनं मोजलेलं आणि नकाशावर उतरवलेलं गाव. पेशवाईच्या कागदांत तो आहे, निजामाच्या दप्तरातही होता. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य गेलं, उर्दूतला कारभार गेला, मौजे मात्र तलाठ्याच्या शिक्क्याला चिकटून राहिला. मौज हा शब्द मुळात अरबीतली लाट. पाण्यावर उठते ती. फारसी-उर्दूत तिची मनातली लहर झाली आणि मराठीत येईपर्यंत पाणी उडून गेलं, नुसती मजा राहिली. मजा हाही फारसीच; तिकडं त्याचा अर्थ चव. कुठल्याच दिशेला समुद्र जवळ नाही अशा मुलखाला हसण्याखेळण्यासाठी लाटेचा शब्द मिळावा, हीही एक मौजच. लातूरला तर एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. फलाटावर लोक ते बघायला गर्दी करून उभे होते, आणि फोटोंत बरेच जण चक्क हसताना दिसत होते.

वर मी 'हीही एक मौजच' असं लिहून गेले. मुद्दाम खोडत नाही, कारण मला जे सांगायचंय ते तिथंच आहे. मराठीत आनंदाचे म्हणून जेवढे शब्द आहेत, ते सरळ अर्थानं फार कमी वेळा तोंडात येतात. नांदेड-लातूरकडं तर फारच कमी. 'गंमत अशी की' म्हणून सुरू झालेल्या वाक्यात पुढं गंमत निघाली, असं मला आठवत नाही. निघते ती अडचण, फसगत, नाहीतर दुसऱ्याचा मूर्खपणा. 'तुला मजा दाखवतो' ही धमकी. 'चांगलीच गंमत झाली' म्हणजे माणूस कुठंतरी अडकला. 'सगळा आनंदीआनंद आहे' असं कुणी एखाद्या शाळेबद्दल, दवाखान्याबद्दल किंवा सोसायटीबद्दल म्हटलं, तर तिकडं फिरकू नये. 'खुशाल जा' म्हणणाऱ्याची खुशी नसते. सण म्हणून शिमगा घरोघरी, पण कुणी 'शिमगा केला' म्हणजे चारचौघांत बोंब मारली. तमाशाचं तर विचारायलाच नको. मूळ अरबीत त्या शब्दात मिळून फिरणं, सहज हिंडत बघणं होतं. आपण त्याची कलाही केली आणि शिवीही केली. 'घराचा तमाशा करू नको' असं दारात उभं राहून म्हणणारा बाप संध्याकाळी तिकीट काढून फडाला जातो.

पीकविम्याच्या अर्जासाठी मागं एकदा लायनीत उभी होते. माझ्या पुढं एक म्हातारे होते. धोतर, डोक्याला पटका, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा, आठ-अ, आधारकार्ड, पासबुक, सगळ्याच्या दोन-दोन प्रती. पिशवीचं तोंड रबरानं बांधलेलं. लाइन हलेना तसे ते मागं वळले.

"गंमत बघा ताई," म्हणाले. "आमच्या शिवारात ढग फुटल्यावानी पाऊस झाला. सोयाबीन पार कुजून गेलं. अन् पाऊस मोजायचं यंत्र हाय मंडळाच्या गावाला. तिथं पडलाच नाही. पडला इथं, मोजला तिथं. हाय का नाही गंमत?"

लायनीतली चार-पाच माणसं हसली. तेही हसले. एका माणसाच्या एका हंगामाचं पीक गेल्याची बातमी होती ती. महसूल मंडळात एका ठिकाणी पाऊस मोजायचा आणि त्यावर वीस-पंचवीस गावांचं नशीब ठरवायचं, या व्यवस्थेवर अग्रलेख लिहिले गेलेत. पण त्या म्हाताऱ्यांच्या दोन वाक्यांएवढं नेमकं काही माझ्या वाचनात नाही. आणि ती दोन वाक्यं 'गंमत' शिवाय उभीच राहिली नसती. 'दुःखाची गोष्ट अशी की' म्हणून त्यांनी सुरुवात केली असती, तर लायनीतल्या प्रत्येकानं आपापलं दुःख काढलं असतं आणि त्यांचं ऐकायला कुणी उरलं नसतं.

ही ढब आमच्याकडची खास आहे. डॉ. लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये एकट्यानं बावन्न माणसं उभी केली, ती याच ढबीवर. उभ्या महाराष्ट्रानं ते डोक्यावर घेतलं. पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहात प्रेक्षक आमच्या हेलाला हसत असत. आमच्याकडचे लोक हसत ते आपल्या चुलत्याची नक्कल ओळखून. चेहरा सरळ ठेवून वाईटातलं वाईट सांगायचं, समोरच्याला हसू द्यायचं, आणि तो हसून संपला की तंबाखू मळायला घ्यायची. हे मराठवाड्यात कुणाला शिकवावं लागत नाही.

आनंद मात्र सरळ सांगायची चोरी. पोरगी डॉक्टरकीला लागली तरी 'हाव, लागली बा एकदाची' एवढंच. पाऊस वेळेवर झाला तरी 'सध्या तर बरं हाय'. त्यातला 'सध्या' महत्त्वाचा. माझी आजी आम्हा पोरींना जोरानं हसू द्यायची नाही. 'लई हसू नका, रडावं लागंल' हे तिचं ठरलेलं. 'हसतील त्याचे दात दिसतील' ही म्हण आपण धीर द्यायला वापरतो, पण तिच्या तोंडी तिचा अर्थ दात झाका असाच होता. ती अंधश्रद्धाळू होती असं म्हणून तिला मोडीत काढणं सोपं आहे. पण या मुलखात 1993 सालचा तो दिवस झाला आहे. गणपती विसर्जनाची रात्र. मिरवणुका संपल्या, गुलाल अंगावर तसाच घेऊन थकलेली माणसं उशिरा घरी येऊन आडवी झाली आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला थोडा अवकाश असताना, भूकंपानं किल्लारी आणि आसपासच्या गावांत दगडामातीची घरं कोसळली. औसा, निलंगा, उमरगा, लोहारा या पट्ट्यात हजारो माणसं गेली. जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरं त्या रात्री अंगावर आली. आजही विसर्जनाच्या रात्री पोरांचा दंगा जरा वाढला की आमच्याकडं एखादं म्हातारं माणूस ओट्यावरून उठतं आणि काही न बोलता पोरांना घरात पिटाळतं. आजीच्या वाक्याला नंतर कुणी उलट उत्तर दिलं नाही.

तर असा हा मुलूख. आनंदाचा शब्द तोंडात आला तर वाकडा येतो, सरळ आलाच तर नजर लागेल म्हणून गिळला जातो. मग मौज करायची तर कुठं? याचं उत्तर मार्गशीर्षातल्या अमावस्येला मिळतं, आणि माझ्या बाबतीत ते दोन्ही जिल्ह्यांत एकाच दिवशी मिळतं, ही माझी जन्माची अडचण आहे.

माहेरी त्या दिवशी येळवस. पुस्तकी नाव वेळ अमावस्या. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत घराघरांत, सोलापूर, बीड, नांदेडच्या काही गावांत, आणि पलीकडं बीदर-कलबुर्गीकडं. नाव कानडी आहे हे सगळे मानतात. त्यापुढं भांडण आहे. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ, आणि एळु म्हणजे सात. कुणी म्हणतं तिळाची अमावस्या, कुणी म्हणतं पेरणीपासूनची सातवी. मी भांडणात पडत नाही. कानडी मुलूख आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, शब्द उसना आणताना कुणी पावती ठेवली नाही. इंग्रजी तारखेनं ती मागं-पुढं सरकते. 2024 साली तर दोनदा आली, 11 जानेवारीला आणि परत 30 डिसेंबरला. त्या वर्षी माझ्या भावजयीनं हात जोडले होते.

भावजयीनं हात का जोडले, ते रात्रीच्या स्वयंपाकघरात बसल्याशिवाय कळत नाही. आदल्या दिवशी दुपारपासून शेंगा सोलायच्या. तुरीच्या, वालाच्या, मटाराच्या. हरभऱ्याचे सोलाणे. मेथी, चाकवत, चुका, कांद्याची पात निवडून ठेवायची. चिंच भिजत घालायची. पहाटे तीनला चूल पेटते. दाणे शिजले की त्यात चिरलेला पाला जातो, मग बेसन कालवून सोडायचं, आणि तिथून पुढं हात थांबवायचा नाही. थांबला की बेसन तळाला धरतं. हिरवी मिरची आणि लसूण वाटून फोडणी. ती झाली भज्जी. मोठ्या कढईत, पन्नास माणसांची. ताट हातात घेतलं की घट्ट पिवळ्यात मध्येच एखादा तुरीचा हिरवा दाणा वर येतो. तिच्याबरोबर खायचे बाजरीचे उंडे, वाफवलेले, मुठीत मावतील असे. गव्हाची खीर. तिळाच्या पोळ्या. आणि आंबील. ज्वारीचं पीठ आंबट ताकात शिजवून, त्यात आलं-लसूण-जिरं घालून ती मडक्यात मुरवत ठेवलेली असते. ताक आधीपासून साठवून आंबवलेलं असतं. घरात शिरल्याबरोबर नाकाला कळतं की येळवस जवळ आली.

माय कढईपाशी पाटावर बसून उलथनं फिरवत असायची. मी एकदा विचारलं होतं, "माय, तुला येळवशीला मौज वाटती का गं?"

"मौज तुमची," ती म्हणाली. "माझी कंबर."

सकाळी दहा-अकराला सगळं रानात. पूर्वी बैलगाडीत, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, मोटरसायकलवर, कारच्या डिकीत. आंबिलाचं मडकं घरातलं मोठं माणूस जपून घेऊन येतं. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप केलेली असते, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड. ते पांडव. वर हिरवं वस्त्र. पूजा झाली की उभ्या पिकावर आंबील शिंपडत रानाला फेरी मारायची, आणि तोंडानं एक पुकारा करायचा. तो पुकाराही कानडीच आहे, पिढ्यान् पिढ्या तोंडात घोळून इतका गुळगुळीत झालाय की कानडी माणसालाही उलगडायचा नाही. आमचे मराठीचे गुरुजी त्याचा अर्थ लावायला बसले आणि तीन पानांनंतर त्यांनी नाद सोडला. पुकारा करणाऱ्यांना अर्थाची गरज कधीच पडली नव्हती. माझ्या मते ती मौजेची सगळ्यात शुद्ध जात: गळा फाडून ओरडायचं, काय ओरडतोय ते ठाऊक नाही, आणि पीक ऐकतंय.

मग जेवणं. खरी गोष्ट इथं सुरू होते. येळवशीला आपल्याच रानात जेवून घरी येणारा माणूस कमनशिबी समजतात. बांधावरून हाका येतात. "ओ मास्तर, कुठं जायलाव? या इकडं!" याच्या रानात भज्जी, त्याच्या रानात खीर, तिसऱ्याच्या रानात नुसती आंबील, पण प्यायलाच पाहिजे. रस्त्यानं जाणारा अनोळखी मोटरसायकलवाला थांबवला जातो. जात विचारत नाहीत असं मी लिहिणार नाही, गाव गाव असतं. पण इतर तीनशे चौसष्ट दिवसांपेक्षा त्या दिवशी बांध बरेच बुटके होतात. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात. लातूर शहरात दुपारी बारा वाजता गंजगोलाईत फिरून बघा. दुकानं बंद, रस्ते ओस, कर्फ्यू लागल्यासारखं. शिकवणीसाठी परजिल्ह्यातून आलेली पोरं, ज्यांच्या जिवावर 'लातूर पॅटर्न' चालतो, त्यांना त्या दिवशी जेवण मिळायची पंचाईत. कुणीतरी वर्गमित्र त्यांना आपल्या रानात घेऊन जातो. बीड-हिंगोलीच्या किती पोरांनी आयुष्यातली पहिली आंबील अशी प्यायली असेल आणि दुपारच्या क्लासला झोपा काढल्या असतील.

दुपारनंतर सगळं रान पेंगतं. चिंचेला झोके, झोक्यावर पोरी, पोरींना ढकलणारी पोरं, आणि सावलीत घोरणारी मोठी माणसं. मायही तिथंच आडवी व्हायची, पदर तोंडावर घेऊन. दिवस मावळायला हेंडगा पेटवायचा. कडब्याची पेंढी पेटवून ती घेऊन रानाभोवती पळायचं. ज्वारीच्या उंच ताटांतून पळणाऱ्या पोराच्या हातात जाळ, मागं बापाचा आरडाओरडा की कोप पेटंल. गेली काही वर्षं आमच्या शिवारात सोयाबीनचंच राज्य आहे, ज्वारी कमी झाली. माझ्या भावाला कोपीसाठी कडबा विकत आणावा लागतो. "गंमत हाय," तो म्हणतो, "शेतकऱ्यानं कडबा विकत आणायचा." बघा, परत गंमत.

या सगळ्या दिवसात 'मौज' हा शब्द कुणाच्या तोंडून मी ऐकलेला नाही. 'मजा आली' पण नाही. बोलण्यात असतं ते एवढंच: या की, बसा की, घ्या की, अजून एक उंडा घ्या, आंबील कशी झालीय, आमच्याकडं आला नाहीत. दिवसभर आज्ञार्थ. माझ्या भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा या क्रियापदांत असावं. ज्याला आपण मौज म्हणतो, ती आमच्याकडं दुसऱ्याला जबरदस्तीनं वाढायची वस्तू आहे. स्वतःला झाली का, हे विचारायची पद्धत नाही.

आता सासर. तिथं त्याच अमावस्येच्या सुमाराला माळेगावची यात्रा भरते. लोहा तालुक्यातलं माळेगाव, नांदेड-लातूर रस्त्यावरच. खंडोबाचं ठाणं. देवस्वारी निघते, भंडाऱ्यानं माणसं पिवळी होतात आणि 'येळकोट येळकोट' चा गजर उठतो. येळकोट म्हणजे कानडीतले एळु कोटी, सात कोटी. म्हणजे माहेरी येळवस, सासरी येळकोट, आणि दोन्हीकडचं येळ कानडीच. आमच्या दोन जिल्ह्यांना हसायला-ओरडायला दोन बाजूंनी शब्द पुरवले गेले: मौज, मजा, तमाशा पश्चिमेच्या वाळवंटातून दिल्ली-हैदराबादमार्गे, आणि गळा मोकळा करायचे पुकारे दक्षिणेतून. मधल्या मराठीनं 'गंमत' ठेवून घेतली आणि तिला वाकडं बोलायला शिकवलं.

माळेगाव म्हणजे जनावरांचा बाजार. घोडे, गाढवं, उंट, बैल, कुत्री. घोड्यांसाठी दुसऱ्या राज्यांतून माणसं येतात. व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवतात. चेहऱ्यावर काही दिसत नाही, बोटं मात्र भांडत असतात. वैदू, गोसावी, घिसाडी, मसणजोगी अशा भटक्या जमातींच्या जातपंचायती इथं भरत, लग्नं जुळत, तंटे मिटत, कधी नवे सुरू होत. वर्षभर ज्यांना गावाच्या कडेला पाल ठोकू देताना लोक दहा प्रश्न विचारतात, त्यांच्यासाठी हे तीन-चार दिवसांचं स्वतःचं गाव. जिल्हा परिषदेचं कृषी प्रदर्शन, कुस्त्या, लावणी महोत्सव हे सगळं त्याच्या आजूबाजूला. आणि तमाशाचे फड, रांगेनं.

सासरच्या घरात या दिवसांत पाहुण्यांना गणती नसायची. चुलीवर भाकरीचा तवा सकाळी चढला की रात्रीच उतरायचा. पुरुषमंडळी रात्री फडाला जायची, पहाटे येऊन दुपारपर्यंत झोपायची. आम्ही बायका दिवसा जायचो. बांगड्या, रेवड्या, पाळणे, देवाचं दर्शन. तमाशाची कनात बाहेरूनच बघायची असा अलिखित नियम. तो मोडला माझ्या नणंदेनं, पाणी मागायच्या निमित्तानं. कनातीच्या मागं गेलो तर तिथं घर मांडलेलं. तीन दगडांची चूल, भाकऱ्या थापणारी एक बाई, रात्रीच्या काजळाची रेघ डोळ्यांखाली तशीच. दोरीवर नऊवारी वाळत घातलेल्या, त्यांच्याखाली पेटीवर डोकं ठेवून झोपलेलं पोर. चाळ एका पत्र्याच्या डब्यात, पितळेचा ढीग. एक एक पाय जवळपास दोन-तीन किलोचा होत असेल, बाईनं मला उचलून बघायला दिला. रात्री कार्यक्रम कसा झाला, विचारलं.

"लई गंमत झाली काल," ती म्हणाली. "गवळण चालू अन् वारं सुटलं. निम्मी कनातच खाली. लोकाईला वाटलं वगातच हाय ते. टाळ्या वाजवायलेत!"

ती हसली, आम्ही हसलो. तिकिटाचे पैसे परत द्यावे लागले का, हे नणंदेनं विचारलं. निम्म्यांनी घेतले, ती म्हणाली, आणि भाकरी उलटली.

गण, गवळण, बतावणी, वग. तमाशाचा हा क्रम बाराशे वेळा बघितलेले प्रेक्षकही बतावणीला खदखदून हसतात. हसवणाऱ्याला रात्रभर जागायचं असतं, आणि पहाटे ट्रक भरून पुढच्या गावाला जायचं असतं. मला माय आणि ती बाई एकदम आठवतात, आणि दोघींचा एकमेकींशी संबंध लावला तर माय भडकेल हेही ठाऊक आहे. पण दोघींची पहाट एकच आहे. अमावस्येच्या त्या एका रात्रीत आमच्या दोन जिल्ह्यांत हजारो बायका जाग्या असतात. काही कढईपाशी, काही बोर्डावर. कुणाची तरी मौज तयार होत असते.

कुठं जायचं हा वाद आमच्या घरात लग्नाच्या पहिल्या वर्षापासून आहे. नवरा म्हणतो देवाचं आधी. मी म्हणते रानातला देव देव नाही का. शेवटी रस्त्यानंच निकाल दिला: सकाळी माहेरी भज्जी, दुपार टळली की निघायचं, अहमदपूर सोडून नांदेडकडं लागलं की माळेगाव वाटेतच. आंबील प्यालेला नवरा गाडी चालवत असतो आणि मी त्याला जागं ठेवायला भांडत असते.

अलीकडं नव्या पोरांच्या तोंडी मौजही नाही, गंमतही नाही. 'एन्जॉय' आहे. येळवशीला रानात रील बनतात, खाली लिहिलेलं असतं 'फुल एन्जॉय'. शब्द इंग्रजी आहे म्हणून माझी तक्रार नाही. मौज अरबी, मजा फारसी, पुकारा कानडी, तिथं एका इंग्रजी शब्दानं काय बिघडणार. माझी तक्रार वेगळी आहे: एन्जॉयला वाकवता येत नाही. 'एन्जॉय बघा ताई, सोयाबीन कुजून गेलं' असं त्या लायनीतल्या म्हाताऱ्यांना म्हणता आलं असतं का? ज्या शब्दानं नुसतंच सुख सांगता येतं, तो आमच्या भागात निम्मंच काम करणार. उरलेल्या निम्म्यासाठी पोरांना केव्हातरी गमतीकडं यावं लागेल. माझा भाचा आलाही. आता तो पुण्यात नोकरी करतो. गेल्या येळवशीला सुट्टी मिळाली नाही, तर त्यानं फोन केला. "आत्या, गंमत बघ," म्हणाला, "इथं हॉटेलात येळवस स्पेशल थाळी हाय. भज्जी एवढीशी वाटीत. अन् आंबील मागितली तर म्हणायलेत, सर, ताक चालेल का?"

तुम्ही कधी त्या अमावस्येला लातूरकडं आलात, तर थाळी शोधू नका. हॉटेलं बंदच असतात. सरळ एखाद्या बांधावर उभे राहा, हाक येते. जेवण पोटभर होईल, नाही म्हणायची सोय नाही. आंबील दोन पेल्यांच्या वर पिऊ नका आणि प्यायलात तर संध्याकाळपर्यंत गाडी हातात घेऊ नका. आणि निघताना घरच्या बाईला भज्जी चांगली झाली होती असं सांगा. पुरुषांना सांगितलं तर ते स्वतःच केल्यासारखे खुश होतात, तिला कळवत नाहीत.